तुला तर तिकीट नाय

सारजाबाईचं नेमकं वय तिला स्वतःलाही कधी ठाऊक नव्हतं. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत आपली माय ओली बाळंतीण होती आणि पोर पोटाशी धरून चार दिवस बाजरीच्या उभ्या रानात दडून बसली होती, एवढं ती ऐकत आलेली. आधार कार्ड काढायच्या वेळी थोरल्या लेकानं, काकासाहेबानं, तेवढ्यावरून साल सांगितलं आणि कार्डवाल्यानं एक जानेवारी टाकून दिली. पुढं शहर बसला पंचाहत्तरीच्या वरच्या माणसांना तिकीट माफ झालं, तेव्हा ही एक जानेवारी कामाला आली. काकासाहेबानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, रांगेत उभा राहिला, मायचा फोटो लावलेलं कार्ड करून आणलं आणि तिच्या हातात देत म्हणाला, "आता कुठंबी हिंड माय. तुला तिकीट नाय."

त्यानं ते मायेनंच केलं होतं, यात शंका नाही.

सारजाबाई मुकुंदवाडीत काकासाहेबाकडं राहायची. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. गावाकडची शेती दोघा भावांनी बटईनं लावून दिली होती आणि दोघंही शहरात कामाला लागले होते. काकासाहेब चिकलठाण्याला एका गोदामात, धाकटा बद्रीनाथ वाळूजला कंपनीत. मुकुंदवाडी शहराच्या उगवतीला, वाळूज मावळतीला, आणि मधे सगळं शहर आडवं पडलेलं.

कार्ड मिळालं त्या आठवड्यात मंगळवारी ती एकटी कर्णपुऱ्याच्या देवीला जाऊन आली. खिडकीशी बसून गेली, खिडकीशी बसून आली. कुणाला विचारावं लागलं नाही, कुणाची वाट बघावी लागली नाही. घरी आल्यावर थोरल्या सुनेच्या, मथुराच्या, हातात प्रसादाचं खोबरं ठेवलं आणि पुढच्या मंगळवारी परत जायचं मनाशी ठरवून टाकलं.

पुढच्या मंगळवारी मथुराची आई दवाखान्यात होती. मथुरानं डबा भरला, पिशवीत ठेवला आणि पिशवी सासूच्या पुढ्यात सरकवली. "आत्याबाई, तेवढा डबा देऊन येता का? मी गेले तर जायचं-यायचं भाडं. तुम्हाला तर तिकीट नाय."

तो डबा दहा दिवस चालला. मग विजेच्या कचेरीत मीटरचा अर्ज द्यायचा निघाला. मग मथुराच्या भाच्याची पत्रिका जुन्या शहरात चार घरी वाटायची निघाली. हळूहळू मयतीलाही तिलाच धाडायची रीत पडली. हर्सूलला चुलत घराण्यातली कुणी गेली, पडेगावला कुणाचा साडू गेला. काकासाहेबाला रजा नसायची, मथुराला घर सोडवायचं नाही. "घरातलं एक माणूस दिसलं म्हंजी झालं," काकासाहेब म्हणायचा. "तू जाऊन ये." तीन महिन्यांत सारजाबाई सात ठिकाणी बसून आली. त्यातल्या दोघांना तर तिनं जिवंतपणी पाहिलेलंही नव्हतं. अनोळखी बायांच्या घोळक्यात पदर तोंडाला लावून बसायचं, कोणाच्या कोण म्हणून विचारलं की नातं सांगायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि परतीची बस धरायची.

तरीही तोवर ठीक होतं. दिवाळी झाली आणि बद्रीनाथच्या बायकोला, आशामतीला, कंपनीत काम लागलं. त्यांची पोर सहा वर्षांची, तिची शाळा साडेबाराला सुटायची. तिला घरी आणायला आणि संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ राहायला माणूस पाहिजे होतं. एका रविवारी दोघे भाऊ बोलायला बसले. बद्री म्हणाला, माय माझ्याकडं येऊन राहू दे. काकासाहेब म्हणाला, मथुराची कंबर धरती, आमच्या पोरीची बारावी, मग इथलं कोण बघणार? बराच वेळ दोघं अडून बसले. शेवटी मार्ग निघाला आणि तो दोघांनाही इतका सोपा वाटला की आधी कसा सुचला नाही म्हणून ते हसले. मायनं सकाळी वाळूजला जायचं, संध्याकाळी मुकुंदवाडीला यायचं.

"भाडं लागत आसतं तर गोष्ट येगळी," काकासाहेब म्हणाला.

सारजाबाई तिथंच गहू निवडत बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती व्हय म्हणाली असती, हेही खरं.

जुन्या काळी म्हाताऱ्या माणसाची वाटणी सहा-सहा महिन्यांची व्हायची. सारजाबाईची वाटणी रोज होऊ लागली. पहाटे पाचला उठून ती मुकुंदवाडीतल्या भाकरी थापायची. साडेआठला बस धरायची, क्रांती चौकात उतरून दुसरी धरायची आणि दहाच्या पुढं-मागं वाळूजच्या रांजणगावात पोचायची. तिथं रात्रीची भांडी वाट बघत असायची. भांडी, कपडे, पोरीची शाळा, तिचं जेवण, संध्याकाळचं वरण. साडेचारला आशामती आली की ही निघायची. सहा-सव्वासहाला मुकुंदवाडीत पाय टाकला की मथुरा म्हणायची, "आलात का? कणीक भिजवून ठेवलीय." बसची पायरी उंच होती. उजवा गुडघा आधी वर जायचा, डावा मागून ओढून घ्यावा लागायचा. दोन्ही वेळच्या मिळून अशा पायऱ्या रोज चार चढायच्या आणि चार उतरायच्या होत्या. रात्री पाठ टेकली तरी अंग बसमध्ये असल्यासारखं हलत राहायचं.

बसमध्येच तिला भानुमतीबाई भेटल्या.

त्या दिवशी क्रांती चौकातच बस गच्च भरली होती. कंपनीत निघालेला एक तिशीतला माणूस सारजाबाईच्या सीटपाशी उभा होता. रात्रपाळी करून दिवसपाळीला चालल्यासारखे त्याचे डोळे तांबारले होते. कंडक्टरनं सारजाबाईचं कार्ड बघून शून्याचं तिकीट फाडून दिलं, तसा तो म्हणाला, "आजी, आम्ही पुरं तिकीट काढून उभं राहायचं काय?" तो दरडावून बोलला नव्हता. पण सारजाबाई दांडी धरून उठली.

शेजारी गोऱ्या, चष्मा लावलेल्या, सुती साडीतल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी तिचा हात धरला. "उठलात कशाला?"

"त्यानं तिकीट काढलंय बाई. माझं फुकट हाये."

"माझं अर्धं आहे," त्या बाई म्हणाल्या. "मग मी अर्धीच बसू का?"

आसपासची दोन-चार माणसं हसली. तो माणूसही ओशाळून हसला आणि मागं सरकला. सारजाबाई परत बसली. पाच मिनिटांनी तीही हसली, तोंडाला पदर लावून.

भानुमतीबाई समर्थनगरात राहायच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगा पुण्याला, यजमान चार वर्षांपूर्वी गेलेले. सोमवारी आणि गुरुवारी त्या छावणीत राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडं जायच्या. ती अंथरुणाला खिळली होती. वय बहात्तर असल्यामुळं त्यांना अर्धं तिकीट पडायचं. छावणीपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं दोघी शेजारी बसायच्या. बोलणं जास्त करून भानुमतीबाईंचंच असायचं. सारजाबाई ऐकता ऐकता पेंगायची आणि बाई आपलं बोलणं आवरतं घ्यायच्या.

"तुम्ही रोज दोन्ही वेळा एवढ्या लांब जाता?" एकदा त्यांनी विचारलं.

"व्हय."

"थकत नाही?"

"थकायला काय, बसून तर जायाचं," सारजाबाई म्हणाली. लेकाचंच वाक्य होतं ते. म्हणून झाल्यावर तिला स्वतःलाच ते बरं वाटलं नाही.

"कधी मधेच उतरा," बाई म्हणाल्या. "निराला बाजारच्या मागं, रसवंतीच्या समोर पिवळी इमारत आहे. खालचंच घर. चहा घ्या आणि मग जा." सारजाबाईनं मान हलवली. मधे उतरायला तिला सवड कुठली?

माघ सरत आला होता. एका मंगळवारी निघताना आशामती म्हणाली, "आत्याबाई, उद्या आमच्या कंपनीला सुट्टी हाये. पोरीलाबी मीच आणीन. उद्या नका येऊ."

सारजाबाई परतीच्या बसमध्ये बसली. मुकुंदवाडीत जाऊन सांगायचं, उद्या सुट्टी. मग मथुरा म्हणणार, बरं झालं, पापडाचं पीठ मळायचंय. किंवा काकासाहेब म्हणणार, पडेगावला तेराव्याला जाऊन ये. बस आकाशवाणीच्या थांब्यापुढं गेली तरी ती मनात तेच घोळवत होती. घरी गेल्यावर तिनं पोळ्या केल्या, जेवली, भांडी आवरली, आणि सुट्टीचं बोलली नाही. आयुष्यात नवऱ्यापासून किंवा लेकरांपासून तिनं काही लपवलं नव्हतं असं नाही, पण एक अख्खा दिवस लपवायची ही पहिलीच वेळ होती.

बुधवारी ती रोजच्यासारखी साडेआठला निघाली. क्रांती चौकात उतरली. वाळूजची बस समोर उभी होती, कंडक्टरनं हातही केला. तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि रस्त्याच्या कडेनं चालू लागली. देवीला जायचं तिच्या मनात आलं, पण देवळाच्या पायऱ्या आठवल्या आणि पायांनीच नको म्हटलं. विचारत विचारत ती पिवळ्या इमारतीपाशी पोचली.

भानुमतीबाईंनी दार उघडलं. "अगंबाई, या. या ना."

सारजाबाई उंबऱ्याच्या आत आली आणि चप्पल हातात धरूनच उभी राहिली. "बाई, राग मानू नका. मी चहाला नाय आले. मला उलीसं पडू द्या कुठंतरी."

भानुमतीबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. आतल्या खोलीत पलंगावरची चादर झटकली, पंखा लावला, खिडकीचा पडदा ओढला. सारजाबाई पलंगावर नको, खाली चालेल म्हणत होती. बाई म्हणाल्या, "खाली मला वाकून उठवता येणार नाही." मग ती पलंगाच्या कडेला अंग चोरून आडवी झाली.

जाग आली तेव्हा उन्हं खिडकीच्या दुसऱ्या बाजूला गेली होती. क्षणभर तिला कळेना आपण कोणत्या घरात आहोत, या घरातलं कोणतं काम राहिलंय. मग आठवलं. बाहेरच्या खोलीत भानुमतीबाई मेथी निवडत बसल्या होत्या, रेडिओ बंद करून.

"किती वाजले?"

"पावणेतीन."

सारजाबाई खाली बसली आणि न सांगता मेथीची जुडी ओढून घेतली. बाईंनी ती तिच्या हातातून परत घेतली. "तुम्ही घोरता," त्या म्हणाल्या.

"लई घोरले का?"

"खूप. बरं वाटलं. चार वर्षांत या घरात कुणी घोरलं नाही."

दोघी जेवल्या, मुगाची खिचडी आणि लोणचं. चहा झाला. सारजाबाई फार बोलली नाही, पण जे बोलली ते सरळ बोलली. पहाटे पाचपासून संध्याकाळच्या कणकेपर्यंतचा दिवस तिनं जसाच्या तसा सांगितला. तक्रार म्हणून नाही, कुणी वाट विचारली तर सांगावी तसा.

"मुलांना सांगितलंत हे?"

"त्यांना माहीत हाये की."

"माहीत असणं वेगळं," बाई म्हणाल्या आणि कप उचलले.

पाचची बस धरून सारजाबाई मुकुंदवाडीला आली. गल्लीच्या तोंडाशीच तिला काहीतरी बिनसल्याचं कळलं. शेजारणी दारात उभ्या होत्या. काकासाहेब ओट्यावर बसला होता, अंगात गोदामाचा निळा शर्ट तसाच. तिला पाहून तो उठला आणि परत बसला.

झालं होतं असं. दुपारी आशामतीनं पापडाच्या पिठाचं प्रमाण विचारायला मथुराला फोन केला आणि विचारलं, "आत्याबाई झोपल्यात का?" मथुरा म्हणाली, "त्या तर तुमच्याकडं आल्यात." मग दोघींनी आपापल्या नवऱ्याला फोन लावले. काकासाहेब काम टाकून क्रांती चौकात गेला, येईल त्या बसच्या कंडक्टरला मायचा फोटो दाखवत दोन तास उभा राहिला. बद्री घाटी दवाखान्यात जाऊन अपघाताच्या नोंदी बघून आला. सारजाबाईकडं फोन नव्हता. घरात एक साधा होता, पण तिला त्याची रिंग ऐकू यायची नाही, म्हणून तो फडताळातच पडून असायचा.

"कुठं गेल्तीस माय?" काकासाहेबाचा आवाज बसला होता.

"झोपायला."

"झोपायला?"

"समर्थनगरला एक मास्तरीणबाई हायेत, बसमधल्या वळखीच्या. त्यांच्या घरी झोपले."

"कामून? घरी झोपता येत नव्हतं का?"

सारजाबाईनं या प्रश्नाचा खरंच विचार केला. ओट्याच्या कडेला टेकली, गुडघा दोन्ही हातांनी सरळ केला. "नाय," ती म्हणाली.

मथुरा दारात आली. तिचे डोळे रडून सुजले होते. "लोकं काय म्हणतील आत्याबाई? आमी काय तुम्हाला उपाशी ठेवतो का?"

"नाय ग. खायला लई घालतेस."

काकासाहेबानं बद्रीला फोन लावला होता. माय सापडली म्हणून सांगितलं आणि फोन मोठा करून मधे ठेवला. पलीकडून बद्री बोलायला लागला. सांगून जायचं ना, आमचा जीव गेला असता, आजपासून फोन गळ्यात बांधून देतो. सारजाबाईनं त्याचं पुरं ऐकून घेतलं.

"बद्री," ती म्हणाली, "मला एका घरी ठेवा. कोणत्याबी ठेवा. तिथलं समदं काम करीन. पर रोजची दोन घरं आता माझ्याच्यानं व्हत नाय."

फोनमधून पोरीच्या टीव्हीचा आवाज तेवढा येत होता. काकासाहेब खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं ओट्यावरचा पोपडा उकरत राहिला. कोणत्याबी, असं ती म्हणाली होती, आणि दोघांपैकी एकानंही लगेच माझ्या घरी असं म्हटलं नाही. आधी आपापल्या बायकोकडं बघावं लागणार होतं. सारजाबाईला त्याचं वाईट वाटलं की नाही कोण जाणे. ती उठली, पाय धुतले आणि सवयीनं परातीकडं वळली. मथुरानं परात बाजूला ओढली. "ऱ्हाऊ द्या. मी करते आज." ते रागानं होतं की कशानं, हे कळलं नाही. सारजाबाईनं मात्र ते राहू दिलं.

आठवडाभर घरात कुणी धड बोलत नव्हतं. पोरीला त्या दिवसांत रांजणगावच्या शेजारणीकडं बसवलं. दोघा भावांचं फोनवर वाजलं, मथुरा आणि आशामतीचं त्याहून जास्त वाजलं. शेवटी ठरलं ते कुणालाच फारसं पटलेलं नव्हतं. महिना वाळूजला, महिना मुकुंदवाडीला. सारजाबाई मुकुंदवाडीत असेल त्या महिन्यात पोर शेजारणीकडं राहील. मयतीला ज्याचं नातं त्यानं जायचं. हे शेवटचं सारजाबाईनं स्वतः घातलं आणि ते ऐकून काकासाहेबाला हसू आवरलं नाही.

पहिला महिना वाळूजचा. मोटरसायकलवर बसणं तिला गुडघ्यामुळं जमत नव्हतं आणि बरोबर वळकटी, कपड्यांची पेटी होती. काकासाहेबाची दुपारपाळी होती. तो म्हणाला, मी येतो पोचवायला. इतक्या वर्षांत तो या बसमध्ये बसला नव्हता. साडेआठला दोघं चढली. त्यानं आपलं पुरं तिकीट काढलं, सारजाबाईनं शून्याचं घेतलं. तिला जागा मिळाली, तो वळकटी पायांत धरून उभा राहिला. क्रांती चौकात दुसरी बस आली तीही भरलेली. नगर नाक्याला गाड्या तुंबल्या होत्या. पुढं कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग, त्यामागं ट्रक, त्यामागं ही.

"अजून किती ऱ्हायलं?" काकासाहेबानं विचारलं.

"हे तर आता आर्धं झालं."

थोड्या वेळानं त्यानं पेटी या हातातून त्या हातात घेतली. "रोज एवढंच लागतं?"

"एवढंच. परतीला उलीसं जास्त."

रांजणगावच्या थांब्यावर उतरून बद्रीच्या खोलीपर्यंत आणखी दहा मिनिटं चालायचं होतं. पेटी हातात, वळकटी खांद्यावर, पुढं मायचा संथ लंगडता पाय. तिच्या चालीनं चालणं त्याला जड जात होतं, पण पुढं जाता येत नव्हतं.

बद्री आणि आशामती कामावर गेले होते, पोर शाळेत. किल्ली शेजारणीकडं होती. सारजाबाईनं कुलूप काढलं. काकासाहेब दोन तांबे पाणी प्याला, भिंतीला टेकून बसला आणि बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटले. तोंड उघडं पडलं, कानाच्या मागचे केस पांढरे झालेले दिसले.

तिनं खिडकीखालची जागा झाडली आणि आपली वळकटी पसरली. काकासाहेबाची पाळी दोनला लागायची. अकरा चाळीसची बस चुकली तर पुढची पाऊण तासानं होती, हे तिला पाठ होतं. अजून तासभर तो झोपला तरी चालण्यासारखं होतं. तिनं दार लोटलं, भांडी वाजू नयेत म्हणून तशीच राहू दिली आणि अंथरुणावर आडवी झाली.